एकर कुणाचे, नुकसान कुणाचं?

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ग्रंडी काउंटीची (काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा भाग) ती यादी आमच्या मराठी मंडळींत पुन्हा हातोहात फिरते आहे. करोनाच्या वर्षात कुठल्या शेतकऱ्याला केंद्र सरकारकडून किती डॉलर मिळाले, अगदी नावानिशी. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप नावाची संस्था कृषी खात्याकडून ही माहिती मिळवते आणि काउंटीवार सगळ्यांसमोर मांडते. ग्रंडीची हद्द आमच्या सीडर फॉल्समधल्या घरापासून गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर, त्यामुळे यादीतली काही आडनावं आम्ही टपालपेट्यांवर रोज वाचतो. गणपतीच्या जेवणाला या यादीवरून आमच्यात दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, हे शेतकरी म्हणजे सरकारचे जावई. दोन-दोन लाख डॉलर घेतात आणि वर सरकारी मदतीला नाकं मुरडतात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, बघा, अमेरिका आपल्या शेतकऱ्याला कशी सांभाळते, आणि आपल्याकडे वर्षाला सहा हजार रुपये देऊन फोटो काढतात. दोन्ही बाजू पोटतिडकीनं बोलत होत्या, आणि दोन्ही बाजूंनी यादीतली फक्त उजवीकडची रक्कम वाचली होती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ती मदत द्यायलाच हवी होती, आणि वेळेवर द्यायला हवी होती. पण ती एकरावर, बुशेलवर (हे इथलं धान्य मोजायचं माप) आणि जनावरांच्या डोक्यांवर मोजली गेली, ही मूळची चूक होती. एकराला पोट नसतं, कर्जही नसतं. एकराला चिकटवलेला पैसा आज ना उद्या त्या एकराच्या मालकाकडे सरकतो, आणि ज्याच्या कष्टावर ते एकर उभे असतात तो आपल्या जागीच राहतो. म्हणून यादीतल्या माणसांना शिव्या घालण्यात अर्थ नाही आणि यादीचा हेवा करण्यातही नाही. भांडायचंच असेल तर ज्या मापानं ही यादी तयार झाली त्या मापाशी भांडायला हवं.

एप्रिल २०२० आठवून बघा. हॉटेलं, शाळा, कॉलेजांच्या खानावळी आठवड्याभरात बंद पडल्या. शाळेसाठी दूध छोट्या खोक्यांत भरणारी यंत्रं घरगुती गॅलनचे कॅन भरू शकत नव्हती. त्यामुळे एकीकडे दूध शेतात ओतलं जात होतं आणि दुसरीकडे फूड बँकेसमोर गाड्यांची मैलभर रांग लागत होती. रस्ते ओस पडले म्हणून पेट्रोलची मागणी घसरली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, आणि आयोवाच्या मक्याचा मोठा हिस्सा इथेनॉललाच जातो, म्हणून मक्याचा भावही घसरला. शेजारच्या वॉटर्लू शहरातला टायसन कंपनीचा कत्तलखाना दिवसाला १९,५०० डुकरं कापायचा. तिथे करोना पसरला आणि २२ एप्रिलला कारखाना बंद झाला; एकूण एक हजारावर कामगारांना करोना झाला, काही दगावले. आयोवात कुठल्याही दिवशी अडीच कोटींच्या आसपास डुकरं असतात, म्हणजे देशातली जवळजवळ एक तृतीयांश. मका टाकीत थांबतो, डुक्कर थांबत नाही. ते रोज वाढतं, ठरलेल्या वजनापुढे गेलं की कारखान्याच्या साखळीत बसत नाही, आणि त्याची जागा घ्यायला मागून पिलं येतच असतात. धडधाकट जनावरं मारून पुरायची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांना फुकटे म्हणणाऱ्यांनी त्या वसंतात एकदा तरी या काउंटीतून गाडी चालवायला हवी होती.

सरकार हललं, आणि बऱ्यापैकी लवकर हललं. २७ मार्चला करोना-मदतीचा केअर्स कायदा झाला. १७ एप्रिलला कृषी खात्यानं १९ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना आणि ३ अब्ज दूध, भाजी, मांस विकत घेऊन गरजूंना वाटायला. २६ मेपासून अर्ज सुरू झाले. सप्टेंबरमध्ये दुसरी फेरी आली, १४ अब्जांपर्यंतची. दोन्ही फेऱ्या आणि पुढच्या दुरुस्त्या धरून सुमारे ३१ अब्ज डॉलर वाटले गेले. चीनशी चाललेल्या व्यापारयुद्धाची भरपाई आणि नेहमीच्या योजना मिळवल्या तर २०२० या एका वर्षात शेतकऱ्यांना सरकारकडून थेट मिळालेला पैसा सुमारे ४६ अब्जांवर गेला. तोवरचा तो उच्चांक होता.

या आकड्यांपेक्षा एक स्वयंपाकघर माझ्या जास्त लक्षात आहे. आमच्या ओळखीचे एक शेतकरी ग्रंडी काउंटीत मका आणि सोयाबीन करतात. साडेसहाशे एकरांच्या आसपास, त्यातले दीडशे-पावणेदोनशे स्वतःचे, बाकी सगळे खंडानं घेतलेले. त्यांची बायको शाळेत नोकरी करते, ती पगारापेक्षा आरोग्यविम्यासाठी. शेती खात्याचं काउंटी ऑफिस तेव्हा लोकांसाठी बंद होतं, सगळं फोनवर आणि दारातल्या पेटीतून. त्यांच्याकडे स्कॅनर नव्हता, आमच्याकडे होता, म्हणून मी कागद न्यायला गेले. टेबलावर को-ऑपच्या, म्हणजे सहकारी संस्थेच्या, पावत्यांचा रबर लावलेला गठ्ठा, कॅल्क्युलेटर, आणि अर्ज क्रमांक एडी-३११४. अर्जाचा प्रश्न होता: १५ जानेवारीला तुमच्याकडे भाव न ठरलेला किती मका शिल्लक होता? त्यातल्या, फार तर २०१९च्या पिकाच्या निम्म्यापर्यंत, बुशेलमागे ३०-३५ सेंट मिळणार होते. त्यांनी डिसेंबरातच बराचसा मका विकला होता, कारण बी-खताचं कर्ज जानेवारीत फेडायचं होतं. ते शांतपणे म्हणाले, टाक्या भरून ठेवायची ऐपत असती तर मला मदत लागलीच नसती. मी लातूरकडची. सोयाबीन निघालं की आठवड्याभरात अडत्याच्या दारात नेऊन ओतणारी माणसं बघत मी वाढले. दिवाळी, दुकानदाराची उधारी, पोरीची फी. ज्याच्या घरात पोती थप्पीला लावायला जागा आणि पोटात सहा महिने दम आहे तो भाव बघून विकतो, आणि ज्याच्याकडे ते नाही तो भाव न बघता. हा फरक साता समुद्रापलीकडे, तीस लाखांच्या ट्रॅक्टरच्या देशातही तसाच उभा असेल असं मला वाटलं नव्हतं.

इथे प्रतिपक्षाचं एक म्हणणं प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. ज्यानं डिसेंबरात माल विकला, त्याचं एप्रिलच्या पडझडीत त्या मालापुरतं नुकसान झालंच नाही. मग त्याला भरपाई कशाची? प्रश्न बरोबर आहे. त्याहून जोरकस मुद्दा गतीचा. संकट दाराशी आलेलं असताना कुणाची गरज किती हे तपासत बसलं असतं तर पैसे पुढच्या वर्षी मिळाले असते. एकरांची नोंद खात्याकडे तयार होती, जनावरं मोजता येत होती. तेच माप हाती होतं, म्हणून तेच वापरलं. आणि तिसरा मुद्दा, ज्यानं जास्त पिकवलं त्याचंच जास्त बुडालं, तर त्याला जास्त मिळणं हा न्यायच नव्हे का? मर्यादाही होतीच: माणशी अडीच लाख डॉलर, आणि नऊ लाखांवर उत्पन्न असलेल्याला, त्यातलं तीन चतुर्थांश शेतीतून येत नसेल तर, काहीच नाही. हे तिन्ही मुद्दे हवेतले नाहीत. या मदतीनं शेती वाचली हेही खरं. शेतकऱ्यांसाठीच्या दिवाळखोरीच्या कलमाखाली २०२० साली देशभर ५५२ अर्ज झाले होते, २०२१ साली ते २७६ वर आले. स्वस्त व्याज आणि चढलेले भाव यांचाही त्यात वाटा होता, पण सरकारी पैशाचा नव्हता असं कुणी म्हणू नये.

तरीही गतीचा मुद्दा तपासला तर तो पुरत नाही. त्याच वसंतात, त्याच कायद्यातून छोट्या धंद्यांसाठी पगार-रक्षण कर्जाची योजना आली होती, आणि तिच्यात एकटा शेतकरीही बसत होता. तिथे माप होतं शेतकऱ्यानं प्राप्तिकर खात्याला दिलेलं शेतीच्या उत्पन्नाचं विवरण. डिसेंबरच्या कायद्यानं ते बदलून एकूण उत्पन्नावर आणलं. वरची मर्यादा मात्र सुरुवातीपासूनच होती: उत्पन्न कितीही असो, एक लाखापर्यंतच धरायचं, म्हणजे एका माणसाला फार तर २०,८३३ डॉलर, आणि तेही माफ होणारे. त्या योजनेत गैरव्यवहार झाले, खूप झाले, मी तिची आरती करत नाही. पण माणूस हे माप धरून, वर छप्पर घालून, काही आठवड्यांत पैसे पोचवता येतात हे त्याच सरकारनं त्याच वर्षी करून दाखवलं. तेव्हा एकराशिवाय दुसरं माप हाती नव्हतं, हे म्हणणं टिकत नाही. एकराचं माप सवयीचं होतं. २०१९च्या व्यापारयुद्धाच्या भरपाईत तर प्रत्येक काउंटीला वेगळा दर लावला होता, एकरी १५ डॉलरपासून १५० पर्यंत. कुंपणाच्या अलीकडे एक दर आणि पलीकडे दुसरा, कारण मधून काउंटीची रेषा जाते.

आता नुकसानीच्या प्रमाणात मदत, हा मुद्दा. तसं खरंच झालं असतं तर माझा निम्मा विरोध गळून पडला असता. पण दर बघा. १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात विकलेल्या, कत्तलीला तयार झालेल्या गुराला (डुकराला नव्हे) डोई २१४ डॉलर. आणि १६ एप्रिलनंतर गोठ्यातच अडकून राहिलेल्या जनावराला ३३ डॉलर. म्हणजे ज्यानं जानेवारीच्या अखेरीस, अमेरिकेत करोनाचं नावही नीट कानावर पडलं नव्हतं तेव्हा, चांगल्या भावानं जनावर विकलं त्याला २१४. आणि ज्याचं जनावर कत्तलखाना बंद पडल्यामुळे दारात उभं राहून चारा खात होतं त्याला ३३. याला नुकसानभरपाई म्हणायचं तर नुकसान या शब्दाचा अर्थ बदलावा लागेल. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत भाव निदान ५ टक्के पडला असेल तरच पहिल्या फेरीत पिकाला मदत, म्हणून अर्कान्सासचा भात बाहेर राहिला. भाजी पिकवून शनिवारच्या बाजारात स्वतः विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला भरपाई मिळायची ती ठोक भावाच्या दरानं, त्याच्या गिऱ्हाइकाच्या दरानं नाही. त्याचा बाजारच बंद होता.

दुसऱ्या फेरीत मक्याचं गणित सरळ एकरावर आलं: एकर, गुणिले सरासरी उत्पन्न, त्याचे ४० टक्के, गुणिले ५८ सेंट. एकरी १९० बुशेल धरले तर सुमारे ४४ डॉलर. शंभर एकरवाल्याला सुमारे ४,४०० आणि दोन हजार एकरवाल्याला सुमारे ८८,०००. मोठ्याचा खर्च मोठा, हे ठीक. पण पुढच्या पायरीला काय उत्तर द्याल? डिसेंबर २०२०च्या कायद्यानं त्याच एकरांवर एकरी आणखी २० डॉलर दिले. तो पैसा २०२१च्या वसंतात आपोआप जमा झाला, अर्जसुद्धा नाही. ५,६०,००० हून अधिक शेतकऱ्यांना, सुमारे साडेचार अब्ज. ऑगस्ट २०२० मध्ये सव्वातीन डॉलरच्या आसपास घुटमळणारा मका जानेवारीतच पाचच्या पुढे गेला होता, आणि मेमध्ये तो सातच्या वर होता. ज्या पडझडीसाठी ही मदत होती, ती पडझड तोवर उलटली होती. पाऊस येऊन गेल्यावर छत्री वाटायची, आणि तीही ज्याचं अंगण मोठं त्याला जास्त छत्र्या, हे कुठल्या नुकसानीच्या हिशोबात बसतं?

आणि यादीत नसलेल्यांचं काय? आयोवाच्या रस्त्यांवरून दिसणाऱ्या लांबच लांब पांढऱ्या गोठ्यांपैकी कितीतरी करारावर चालतात. गोठा शेतकऱ्याचा, त्याचं कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर, रात्री दोनला पंखा बंद पडला तर उठणारा शेतकरीच. पण आतली डुकरं कंपनीची. डुक्कर त्याच्या मालकीचं नाही म्हणून पहिल्या फेरीत त्याला एक सेंटही नाही. गोठा रिकामा राहिला, हप्ता चालू राहिला. त्यांच्यासाठीची तरतूद डिसेंबर २०२० मध्ये झाली आणि अर्जांची मुदत २०२१च्या ऑक्टोबरपर्यंत लांबली. महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. कोंबडी खाल्ल्यानं करोना होतो ही अफवा फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये पसरली, पक्षी मातीमोल झाले, खड्ड्यांत पुरावे लागले. शेड कुणाची आणि पक्षी कुणाचा, हा प्रश्न तिथेही तसाच होता. त्याच्याही खाली कत्तलखान्यातला कामगार. वॉटर्लूच्या त्या साखळीवर बोस्निया, काँगो, म्यानमारमधून आलेली माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. देशाचं अन्न तुटू नये म्हणून त्यांना अत्यावश्यक ठरवून पुन्हा कामावर बोलावलं. शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कागदपत्रं नव्हती त्यांना सर्वांसाठीचा १,२०० डॉलरचा धनादेशही मिळाला नाही. शेतमजूर आणि मांस-कामगारांसाठी कृषी खात्यानं पुढे एक योजना काढली: माणशी ६०० डॉलर, एकदाच, आणि तीही २०२१च्या शरदात जाहीर होऊन त्यानंतर हळूहळू वाटली गेली. अन्न पिकवणाऱ्याला जगवलंच पाहिजे असं आपण म्हणतो तेव्हा त्या पिकवणाऱ्यांत हे लोक आपण धरतो की नाही?

पण मला सगळ्यात जास्त छळतो तो खंडाचा प्रश्न, आणि यादी बघणारे नेमका तोच वगळतात. आयोवातली निम्म्याहून जास्त शेतजमीन मालक स्वतः कसत नाहीत, आणि जमिनीचे मालक बहुतांश साठी-पासष्टी ओलांडलेले. आजोबांनी कसलेली जमीन आज भावंडांच्या नावावर असते. एक डेमॉइनला, एक ॲरिझोनात. कागदावर नियम चोख होता: रोख खंडानं जमीन घेतली असेल तर मदत कसणाऱ्यालाच, मालकाला नाही. ही गोष्ट मी मुद्दाम मान्य करते, कारण भारतात आपल्याला तेवढंही जमलेलं नाही. पण धनादेश कुणाच्या नावानं निघाला यावर पैसा कुठे थांबला हे ठरत नाही. शेतावर एकरी इतके डॉलर येणार हे मालकाला ठाऊक असतं, यादी त्यालाही दिसते, आणि बांधाला बांध लागून असलेले आणखी चार शेतकरी तीच जमीन मागत असतात. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या पाहणीत राज्यातला सरासरी खंड २०२० मध्ये एकरी २२२ डॉलर होता, २०२१ मध्ये २३२, आणि २०२२ मध्ये २५६. जमिनीची सरासरी किंमत २०२० मध्ये ७,५५९ डॉलर होती, ती एका वर्षात ९,७५१ झाली. हे सगळं मदतीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. मक्याचा भाव हे मोठं कारण होतं आणि स्वस्त कर्ज हे दुसरं. पण एकरावर दिलेल्या पैशाचा काही भाग खंडात मुरतो, यावर शेतीचे अर्थशास्त्रज्ञ फारसे भांडत नाहीत; भांडतात ते किती मुरतो यावर. माझ्या ओळखीच्या त्या शेतकऱ्यांना २०२१ मध्ये साडेसहाशे एकरांचे वीस-वीस डॉलर मिळाले. त्यातल्या एका तुकड्याच्या मालकिणीचं पत्र पुढच्या हंगामासाठी आलं: खंड एकरी तीस डॉलरनं वाढवावा लागेल. बाई वाईट नव्हती. तिलाही घरपट्टीसारखा जमिनीचा कर भरायचा होता. यादीत मात्र तिचं नाव नाही. नाव आहे यांचं, आणि पार्टीत शिव्या खातात तेही हेच.

हे नवं नाही. १९३३ साली कापसाचा भाव सावरावा म्हणून अमेरिकन सरकारनं उभं पीक नांगरून टाकायला पैसे दिले. सुमारे एक कोटी एकर कापूस मोडला गेला. तेव्हाचे कृषिमंत्री हेन्री वॉलेस आमच्या याच आयोवाचे, आणि माणूस कळवळ्याचा. करार मात्र जमीनमालकाशी झाला. बटईदाराचा वाटा मालकानं पुढे द्यायचा, असं ठरलं होतं. दक्षिणेतल्या मालकांपुढे मग सोपा हिशोब उभा राहिला: बटईदाराला वाटा द्यावा लागतो, मजुराला लागत नाही. त्यांनी बटईदार काढले, किंवा त्यांनाच रोजावर ठेवलं. जुलै १९३४ मध्ये अर्कान्सासच्या पॉइन्सेट काउंटीत, टायरॉन्झा गावात, अकरा गोरे आणि सात काळे शेतकरी एकत्र बसले आणि त्यांनी सदर्न टेनन्ट फार्मर्स युनियन काढली. त्या काळच्या दक्षिणेत काळे-गोरे एका खोलीत एका संघटनेसाठी बसणं म्हणजे काय, हे आपल्याला एक गाव एक पाणवठा म्हणणाऱ्यांच्या धैर्यावरून कळावं. खात्यातल्याच जेरोम फ्रँक यांच्यासारख्या वकिलांनी कराराचा अर्थ कुळांच्या बाजूनं लावायचा प्रयत्न केला, तेव्हा फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांनाच घरी पाठवलं गेलं. मदतीचा हेतू चांगला होता, पैसा खरा होता, भावही काहीसा सावरला. आणि त्याच मदतीनं हजारो कुटुंबं जमिनीवरून उठली. काळ्या शेतकऱ्यांची संख्या १९२० साली सव्वानऊ लाखांच्या घरात होती, आज ती पन्नास हजारांच्या आत आहे. त्यामागे कर्ज नाकारण्यापासून दहशतीपर्यंत पुष्कळ कारणं आहेत, पण काउंटीच्या पातळीवर वाटला गेलेला सरकारी पैसा हे त्यातलं एक आहेच.

आमच्यातल्या दुसऱ्या तटाला, अमेरिकेचा हेवा करणाऱ्यांना, मी आपल्याच घरातली दोन उदाहरणं देते. पहिलं २०२० चं. २६ मार्चला केंद्र सरकारनं जाहीर केलं की ८.७ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यात एप्रिलमध्ये दोन हजार रुपये येतील. ते आले, लवकर आले. पण तो पीएम-किसानच्या वर्षाच्या सहा हजारांतलाच हप्ता होता, पुढे ओढलेला. संकटासाठी वेगळा पैसा नव्हता. आणि माप? सातबारा. नाव जमिनीच्या नोंदीत असेल तर हप्ता. आमच्या गावी आमची जमीन बटईनं करणाऱ्या दादांना मी तेव्हा फोनवर विचारलं, पैसे आले का? ते म्हणाले, "ताई, सातबारा तुमचा, आमचं नाव फक्त रोजच्या हजेरीला." त्यांची बायको त्याच शेतात तीस वर्षं खुरपते आहे, आणि तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. अमेरिकेतला हप्ता हजारपट मोठा असेल, पण एकरच पाहून माणूस न बघण्याची खोड दोन्हीकडे एकच आहे. हेवा करायचाच तर कशाचा करायचा?

दुसरं उदाहरण १९७२ च्या दुष्काळाचं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. जमीनवाला आणि भूमिहीन एकाच ओळीत बसून खडी फोडत होते. माझी आजी सांगायची, पाटलाची सून आणि आमची मालन एका घमेल्याला हात लावायच्या. वि. स. पागे यांनी पुढे नेलेली रोजगार हमी त्यातून उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्यात क्रूरपणा होता, उन्हात खडी फोडायला लावून मदत देणं हे काही आदर्श नव्हे, आणि साथीच्या काळात माणसं अशी गोळा करणं शक्यही नव्हतं. पण त्या योजनेनं मोजलं ते माणसाला. एकर किती, हा प्रश्न हजेरीपुस्तकात नव्हता. गरीब राज्याला, संगणक नसताना, हे सुचलं आणि जमलं.

मग मी काय मागते? मदत बंद करा, असं तर मुळीच नाही. पुढच्या साथीत पुन्हा दूध ओतलं जाईल आणि पुन्हा कुणाला तरी हात द्यावा लागेल. पहिल्या काही हजार डॉलरपर्यंत मदत प्रत्येक कसणाऱ्या कुटुंबाला सारखी द्या, कराच्या विवरणावरून, लगेच. त्यापुढची मदत नुकसान सिद्ध झाल्यावर, वर खरं छप्पर घालून, आणि भाव उलटले तर थांबणारी. करारावर गोठा चालवणारा आणि शेतमजूर पहिल्याच दिवशी त्यात हवेत, अठरा महिन्यांनी नव्हे. आणि एकरावर पैसे द्यायचेच असतील तर अर्जात तीन रकाने वाढवा: यातले स्वतःचे एकर किती, खंडाचे किती, आणि गेल्या वर्षापासून खंड किती वाढला. निदान पैसा कुठे मुरला ते तरी दिसेल.

मार्च २०२५ मध्ये कृषी खात्यानं पुन्हा १० अब्ज डॉलर जाहीर केले, या वेळी पडलेल्या भावांसाठी आणि वाढलेल्या खर्चासाठी. मक्याला एकरी ४२.९१ डॉलर, सोयाबीनला २९.७६. अर्जावर एकरांचे आकडे आधीच भरून आले होते, आमच्या ओळखीच्या त्या शेतकऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलावर बसून सही केली. स्कॅनर आता त्यांच्याकडेही आहे. आयोवाच्या कायद्यानं १ सप्टेंबरच्या आत नोटीस आली नाही तर खंडाचा करार आहे तसा पुढच्या वर्षी चालू राहतो. म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मका पिवळा पडायला लागलेला असताना ते रोज दुपारी ट्रॅक्टर रस्त्याकडेला उभा करतात, टपालपेटीपर्यंत चालत जातात, पाकिटांवरचे पत्ते बघतात, आणि ॲरिझोनाचं काही नसलं तर परत येऊन ट्रॅक्टर सुरू करतात.